वहीतली शुगर ११५, मशीनमधली २६८

ही केस कराड भागातली. बाई ५४ वर्षांच्या, घरीच ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात, टाइप २ डायबेटिस होऊन अकरा वर्षं झालीत. ओळख पटेल असे तपशील बदललेत, त्यांची परवानगीही घेतलीये, आणि इथे मी त्यांना नुसतं काकू म्हणणारे कारण क्लिनिकमधेही सगळे त्यांना काकूच म्हणतात. मी डायबेटिस एज्युकेटर. म्हणजे डॉक्टरांनी औषध लिहून दिलं की त्याच्या पुढचं सगळं, सुई कशी टोचायची, पाय कसे तपासायचे, भाकरी किती आणि भात किती, आणि बरेचदा रडणंसुद्धा, ते माझ्या टेबलावर येतं.

काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा सोबत एक वही होती. शंभर पानी, पट्टी लावून रकाने आखलेले, तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर. ११२, ११८, १०९, ११५, १२१. जेवणानंतरचे १४८, १५२, १४५. इतकी देखणी वही बघितली की माझ्या मनात आधी पाल चुकचुकते, कारण खऱ्या शुगरा अशा शहाण्यासारख्या रांगेत उभ्या राहत नाहीत, लग्नाला गेलात, रात्री झोप नाही झाली, सर्दी झाली, की आकडा उड्या मारतोच. त्यात सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात, महिनाभराची पानं एका बैठकीत लिहून काढल्यासारखी.

आणि लॅबचा रिपोर्ट होता एचबीएवनसी ९.९. ही टेस्ट म्हणजे साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी, ९.९ आलं म्हणजे शुगर सरासरी २३५-२४० च्या आसपास राहिलीये. वहीतले आकडे खरे असते तर रिपोर्ट साडेसहाच्या आत यायला हवा होता. लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया असेल तर एचबीएवनसी खोटंच जास्त दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन बघितलं, ते १२.४ होतं, ठीकच. त्याच दिवशी लॅबमधे काढलेली उपाशीपोटी शुगर २१४. म्हणजे रिपोर्टात घोळ नव्हता.

ग्लुकोमीटर, म्हणजे घरी शुगर बघायचं मशीन, पिशवीतच होतं. मशीनला मेमरी असते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, बाणाचं बटण दाबत मागे गेलं की तारीख-वेळेसकट जुने आकडे दिसतात. शेवटचे तीन होते २६८, २४१, ३०२, आणि त्यातला शेवटचाही तीन आठवड्यांपूर्वीचा. वहीत मात्र आदल्या दिवसाची नोंद होती, ११५.

आमच्या डॉक्टरांनी ते बघितलं, मशीन टेबलावर ठेवलं आणि एवढंच विचारलं, "काकू, हे मशीन हातात घेतलं की कसं वाटतं?" काकू काहीच बोलल्या नाहीत, पदर तोंडाला लावला. मग त्यांना माझ्याकडे पाठवलं.

"पेशंट खोटं बोलतात" हे आमच्या क्षेत्रात चहा पिताना सर्रास बोललं जातं, मला ते कधीच पटलेलं नाही. वहीत खोटा आकडा लिहिणाऱ्याला त्यातून काय मिळतं? औषध तेच राहतं, तब्येत बिघडते, फायदा शून्य. तरी माणूस लिहितो. म्हणजे खरा आकडा लिहिल्यावर त्याला जे सोसावं लागतं ते शुगर वाढण्यापेक्षा जास्त वाईट असणार. ते नेमकं काय, हे शोधायला आमच्या पहिल्या दोन-तीन भेटी गेल्या, आणि त्यात आहाराचा तक्ता मी काढलासुद्धा नाही.

सकाळी साडेसातचा फोन

काकूंचा मुलगा पुण्यात आयटीत आहे. चांगला मुलगा, आईवर जीव आहे, हे आधीच सांगते कारण पुढचं वाचून त्याचा राग येईल. त्याने फॅमिलीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता, नाव "आईची शुगर". त्यात काकूंनी रोज सकाळी आकडा टाकायचा. १२० च्या आत असला तर मुलाचा अंगठा, सुनेचं फूल, नणंदेचे हात जोडलेले. १८० आला की साडेसातला फोन वाजणार, "आई, काल रात्री काय खाल्लंस? भात खाल्लास ना? मी तुला किती वेळा सांगितलं." काका स्पीकरवर मागून भर घालणार, "दोन वेळा घेतला भात." काका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, आता रिटायर. काकूंच्या शब्दांत, "जन्मभर उसाच्या गाड्या मोजल्या, आता माझा भात मोजतात."

हे त्या हसत सांगत होत्या आणि सांगता सांगताच रडायला लागल्या.

एकदा असं झालं की आदल्या दिवशी त्या अगदी पथ्यावर होत्या, संध्याकाळी चालूनही आल्या, तरी सकाळी १९६. असं होतं. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं तेव्हा कॉर्टिसॉलसारखी हार्मोन्स वाढतात, लिव्हर साखर सोडतं, आणि डायबेटिसमधे ती आवरायला इन्सुलिन पुरेसं नसतं, त्यामुळे रात्री काहीही न खाता सकाळचा आकडा वर जाऊ शकतो. काकूंना हे अकरा वर्षांत कोणी सांगितलेलं नव्हतं. फोनवर त्या म्हणाल्या, "अरे मी काहीच नाही खाल्लं," आणि मुलगा म्हणाला, "आई, मशीन खोटं बोलत नाही." त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर ११० ते १२० च्या मधले आकडे जायला लागले. फोन बंद. घरात शांतता. मग डॉक्टरांना दाखवायला वहीसुद्धा तशीच लिहावी लागली कारण काका सोबत यायचे आणि वही उघडून बघायचे.

म्हणजे आकडा म्हणजे त्यांच्या घरात प्रगतिपुस्तकातले मार्क झाले होते, आणि नापास झालं की पालकसभा.

यात आणखी एक गोष्ट होती जी मला सुचलीच नसती, त्यांनीच सांगितली. टेस्टसाठी बोट टोचलं की थेंब पुसला तरी नंतर कधीतरी पुन्हा ओल येते, आणि त्या तर सकाळपासून शिलाई मशीनवर. एका गिऱ्हाइकाच्या मोतिया रंगाच्या रेशमी ब्लाउजपीसवर गळ्यापाशी बारीक लाल ठिपका पडला. थंड पाण्याने काढला, निघाला, पण कापडाला पाण्याचा डाग राहिला, शेवटी पीस भरून द्यावा लागला. त्यात टेस्टची एक पट्टी वीस-पंचवीस रुपयांना. "बोट टोचायचं, पट्टीचे पैसे घालायचे, गिऱ्हाइकाचं कापड खराब करायचं, आणि वर बोलणी खायची, कशाला करू मी टेस्ट?" यावर माझ्याकडे तरी उत्तर नव्हतं, त्यांचा हिशोब बरोबर होता.

डिप्रेशन होतं का

हा प्रश्न येणारच, काकांनीही विचारला, "तिला मानसिक काही आहे का हो?"

डायबेटिस असलेल्यांमधे डिप्रेशनचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त, साधारण दुप्पट धरतात, त्यामुळे ते तपासणं गरजेचंच. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी असते, १० किंवा त्यापुढे स्कोअर आला की पुढे नीट तपासायचं. काकूंचा ८ आला. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दलचा नववा प्रश्न मी नेहमी स्पष्ट शब्दांत विचारते, त्याला उत्तर ठाम "नाही" होतं. कामात मन लागत होतं, नातीचा व्हिडिओ कॉल आला की खुलत होत्या, नवीन डिझाइनचा गळा शिवायला आला तर उत्साह होता. जे ओझं होतं ते सगळं डायबेटिसभोवती गोळा झालेलं होतं.

याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात. अमेरिकेतल्या विल्यम पोलॉन्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ मधे यासाठी पहिली प्रश्नावली काढली आणि २००५ मधे सतरा प्रश्नांची दुसरी. ती दुसरी मला जास्त उपयोगी वाटते कारण त्यात त्रासाचे चार भाग वेगळे निघतात: मनावरचा भार, डॉक्टरांबद्दलचा त्रास, पथ्य-औषधाचा त्रास, आणि जवळच्या माणसांचा त्रास. प्रत्येक प्रश्नाला १ ते ६, सरासरी ३ किंवा वर आली की दुर्लक्ष करू नये. वेळ नसेल तर त्यातले दोनच प्रश्न विचारले तरी अंदाज येतो, डायबेटिस सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीला आल्यासारखं होतं का, आणि आपण पथ्यपाण्यात सारखे कमी पडतोय असं वाटतं का. हे दोन प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागत नाहीत आणि तरी ओपीडीत कोणी विचारत नाही याची मला चीड येते.

काकूंचे आकडे असे आले: मनावरचा भार ४.२, पथ्य-औषध ३.८, डॉक्टर २.२५, जवळची माणसं ४.३. सगळ्यात जास्त त्रास घरच्यांचा, आणि तेही असे घरचे की जे जीव टाकतात. त्या भागात एक प्रश्न असा आहे की डायबेटिस घेऊन जगणं किती अवघड आहे हे घरच्यांना कळतच नाही असं वाटतं का. काकूंनी पेन उचललं, खाली ठेवलं, दारातून बाहेर बसलेल्या काकांकडे बघितलं आणि मग ५ वर गोल केला, आणि मला म्हणाल्या, "हे त्यांना दाखवू नका हं ताई." दाखवलं नाही.

फरक का करायचा तर उपाय वेगळे असतात. डिप्रेशनला समुपदेशन, औषध, मानसोपचारतज्ज्ञ लागतो. डिस्ट्रेसमधे नुसती गोळी देऊन भागत नाही कारण रोज सकाळी साडेसातचा फोन येतोच आहे. अर्थात दोन्ही एकत्रही असू शकतं, आणि सीमारेषेवरचा ८ बघता मी काकूंना टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लिहून दिला, २०२२ पासून चालू असलेली मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्री-बेरात्री लागला तर असू दे म्हटलं.

आईचा पाय

डॉक्टरांना इन्सुलिन सुरू करायचं होतं, तीन प्रकारच्या गोळ्या पूर्ण डोसात चालू होत्या, शुगर हलत नव्हती. त्याआधी दुसरीकडे दाखवत होत्या तिथेही हा विषय निघाला होता, आणि तिथे त्यांना ऐकायला मिळालं होतं की असंच चाललं तर इन्सुलिनवर टाकावं लागेल आणि पुढे डायलिसिस. काकू तिथे परत गेल्याच नाहीत. धमकी म्हणून इन्सुलिन वापरलं की असं होतं, पेशंट शिक्षेला घाबरतो आणि मग तेच औषध म्हणून द्यायची वेळ आली की तो म्हणतो मी असा काय गुन्हा केला.

पण काकूंच्या नकाराचं मूळ त्याहून जुनं होतं. त्यांच्या आईला डायबेटिस होता, गावाकडे, गोळी कधी घेतली कधी नाही, कोणीतरी सांगितलं म्हणून मधे वर्षभर नुसता कडुनिंब आणि कारल्याचा रस. अंगठ्याला शेतात लागलं, चिघळलं, काळं पडलं, मिरजेला नेलं, तिथे इन्सुलिन सुरू झालं आणि काही महिन्यांत पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्या घरात या सगळ्याचा एकच अर्थ लागला: इन्सुलिन सुरू झालं की पाय जातो.

हे अडाणीपण म्हणून उडवून लावणं सोपं आहे. पण त्यांनी डोळ्यांनी जे बघितलं त्याचा क्रम तोच होता ना, आधी इन्सुलिन मग पाय. मी वाद घातला नाही, आईची गोष्ट त्यांच्याकडूनच तारखेवार काढून घेतली. जखम कधी झाली? काळं कधी पडलं? मिरजेला कधी नेलं? कागदावर एकाखाली एक लिहीत गेलो आणि काकू स्वतःच थांबल्या, म्हणाल्या, "म्हणजे सुई चालू व्हायच्या आधीच अंगठा गेला होता." हो. सुई उशिरा आली.

दुसरी गोष्ट त्यांना सांगितली ती ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस नावाच्या मोठ्या अभ्यासाची. १९७७ मधे सुरू झाला, मुख्य निष्कर्ष १९९८ मधे आले, हजारो नवीन पेशंट वर्षानुवर्षं बघितले. त्यातून कळलं की टाइप २ डायबेटिस लक्षात येतो तेव्हाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं काम जवळपास निम्म्यावर आलेलं असतं आणि पुढे ते कमी कमी होत जातं, काटेकोर उपचार घेणाऱ्यांचंसुद्धा. म्हणजे अकरा वर्षांनी गोळ्या अपुऱ्या पडणं यात काकूंच्या भाताचा वाटा असेल, पण आजाराची चालच तशी आहे. "म्हणजे मी नीट केलं असतं तरी?" त्यांनी विचारलं. कदाचित थोडी उशिरा लागली असती, पण लागली असती. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या की संक्रांतीला अंधारात ओट्यापाशी उभं राहून अर्धी गुळाची पोळी खाल्ली होती आणि तेव्हापासून त्यांना वाटत होतं की त्या पोळीनेच सगळं बिघडलं.

अर्ध्या पोळीने एचबीएवनसी ९.९ होत नाही. पण अंधारात खाल्लेल्या अर्ध्या पोळीने माणूस वर्षभर स्वतःला चोर समजू शकतो.

केलं काय

पहिल्यांदा ग्रुप बंद. हे मी सांगितलं असतं तर मुलाला लागलं असतं, म्हणून त्याला शनिवारी व्हिडिओ कॉलवर घेतलं, काका-काकू समोर. पोलॉन्स्कींनीच सॅन दिएगोत काढलेल्या बिहेविअरल डायबेटिस इन्स्टिट्यूटचं एक कार्ड आहे, डायबेटिस नसलेल्यांनी डायबेटिस असलेल्यांशी कसं वागावं याचं, त्यातल्या दोन-तीन गोष्टी आपल्या पद्धतीने सांगितल्या: न विचारता खाण्यावर सल्ले देऊ नका, आकडा बघून लगेच जाब विचारू नका, आणि मदत काय हवीये ते त्यांनाच विचारा. मुलगा आधी चिडला. "मग मी काय काहीच बोलायचं नाही? तिला काही झालं तर?" बरोबर आहे त्याचं, आजीचा पाय त्यानेही लहानपणी बघितलेला. भीती त्याची, पोचत होती ती उलटतपासणी बनून. मी त्याला म्हटलं की ही भीती एकदा आईला सरळ सांग. त्याने सांगितलं, अडखळत, कॅमेरा दुसरीकडे वळवून. काकू म्हणाल्या, "अरे मग असं बोल ना, भात भात काय करतोस."

ठरलं असं की आकडा काकूंचा, कोणाला दाखवायचा ते त्या ठरवणार. अपवाद दोनच: ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर राहिली तर घरी लगेच सांगायचं. मुलाने पट्ट्या आणि सुया ऑनलाइन मागवायची जबाबदारी घेतली, आणि काकांकडे संध्याकाळचं चालणं, सोबत, पण वाटेत शुगरचा विषय काढायचा नाही. काकांना हे फार जड गेलं. पहिले काही दिवस ते म्हणे बोलायलाच विषय नाही म्हणून नुसते चालायचे.

टेस्टिंग रोजचं बंदच केलं. त्याऐवजी आठवड्यात तीन दिवस, एकाच जेवणाच्या आधी आणि दोन तासांनी. त्यातून कळतं की त्या जेवणाने काय केलं, रोज सकाळचा एकच आकडा तेवढं सांगत नाही. बोटाच्या टोकाला न टोचता बाजूला, डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका, कारण कापड दाबायला अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट लागतं. साबणाने हात धुऊन कोरडे करायचे, टोचल्यावर मिनिटभर कापूस दाबून धरायचा, आणि टेस्ट शिवणाच्या मधे नाही, जेवायला उठल्यावर. डाग पडले नाहीत परत.

नवीन वही घेतली. रकाने तीन: आकडा, आधी काय झालं, मग काय केलं. "काय चुकलं" असा रकाना नाही, चांगली शुगर वाईट शुगर असंही लिहायचं नाही, जास्त-कमी-मधे एवढंच. पहिल्याच आठवड्यात एक नोंद होती, "२३४, लग्नाच्या सहा ब्लाउजची घाई, चहा चार वेळा, मग संध्याकाळी चालले." ही वही कुरूप होती, तेलाचा डाग, दोन पेनं, खाडाखोड. मला बघून इतकं बरं वाटलं.

इन्सुलिनची भीती बोलून कमी झाली पण गेली नाही, ती सुई बघून गेली. पेनाची सुई ४ मिलिमीटर लांब आणि ३२ गेजची, जाडी ०.२३ मिलिमीटर. काकूंनी ती चिमटीत धरली, उजेडाकडे केली, आणि म्हणाल्या, "आमची चौदा नंबर हिच्या चौपट जाड असेल." शिलाई मशीनची चौदा नंबरची सुई ०.९ मिलिमीटरची असते, त्यांचा अंदाज तंतोतंत होता. मी आधी औषध न भरता माझ्याच पोटावर टोचून दाखवलं, मग नवी सुई लावून त्यांनी स्वतःच्या. "लागली?" म्हणून त्यांनीच मला विचारलं. डॉक्टरांनी रात्री ग्लार्जिन हे दिवसभर पुरणारं इन्सुलिन १० युनिटने सुरू केलं, सकाळची शुगर बघत हळूहळू वाढवायचं ठरलं, ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी सकाळची गोळी कमी केली. हे आकडे त्यांच्यासाठी होते, वाचून कोणी स्वतःवर लावू नयेत.

घाई मुद्दाम केली नाही. कारण डोळे. डायबेटिसमधे पडद्याची तपासणी वर्षातून एकदा हवी, काकू पाच वर्षं टाळत होत्या, सुईत दोरा ओवताना धूसर दिसायला लागलं तसं तर आणखीच टाळायला लागल्या, कारण डोळे गेले की धंदा गेला आणि ते कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. शेवटी काका घेऊन गेले, बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं म्हणून त्या दिवशी शिलाई मशीन बंद ठेवलं. निघाले सुरुवातीचे सौम्य बदल. वर्षानुवर्षं जास्त असलेली शुगर एकदम खाली आणली तर पडद्यावरचे बदल काही काळ वाढू शकतात, म्हणून हळू. आणि धूसर दिसणं बरचसं शुगर वरखाली झाल्यामुळे होतं, ते पुढे कमी झालं. पाच वर्षं ज्या निकालाची धास्ती घेतली तो "पुढच्या वर्षी परत या" एवढाच होता.

सगळं सरळ झालं असं नाही. लग्नसराईत एका दुपारी ऑर्डरच्या नादात जेवण राहिलं, हात थरथरायला लागले, दरदरून घाम, समोरची शिवण दिसेना. ग्लुकोमीटर लावलं, ६२. सांगितल्याप्रमाणे तीन चमचे साखर पाण्यात घालून घेतली, पंधरा मिनिटांनी परत बघितली, ९४. इथपर्यंत उत्तम. पण नंतर भीतीने खात सुटल्या, चपाती, केळं, बिस्किटं, दुसऱ्या दिवशी सकाळी २३१, आणि मग त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री इन्सुलिनच घेतलं नाही. हे मला फोनवर सांगितलं, त्यांनी स्वतः, आणि वहीतही होतं, "भीती वाटली, नाही घेतलं." जुन्या वहीत त्या तीन दिवसांच्या जागी ११५, ११२, ११८ असते. दुपारच्या त्या प्रकारात मुख्य दोष होता सकाळच्या गोळीचा आणि चुकलेल्या जेवणाचा. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंदच केली, शिलाई मशीनच्या खणात ग्लुकोजची पुडी ठेवायला सांगितली आणि दुपारी दीडचा मोबाइलवर गजर लावला.

एका वहिनींनी मधे कारल्याचा रस आणि "सुईची सवय लागते" हा सल्ला आणून दिला. काकूंनी रस प्यायला, सुई सोडली नाही. रस पिऊ दे बापडी, म्हटलं मी.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ९.१, सात महिन्यांनी ८.०. अजून खाली यायला हवं, येईल. परत तीच प्रश्नावली भरली तेव्हा जवळच्या माणसांचा त्रास ४.३ वरून २.३, पथ्य-औषध २.६, मनावरचा भार ४.२ वरून ३.०. हा शेवटचा अजून काठावरच आहे आणि त्याचं कारण पाय. रोज रात्री आरसा धरून तळवे बघतात, ते बरोबरच आहे, पण कुठे लालसर दिसलं की झोप लागत नाही. पायाच्या संवेदनेची तपासणी केली, नायलॉनच्या तंतूने, सगळीकडे स्पर्श कळतो. तेवढ्याने तात्पुरतं बरं वाटतं, परत महिन्याभराने तेच. यासाठी आता त्या साताऱ्याच्या एका समुपदेशकांकडे जातात, काका गाडीतून सोडतात.

आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासानुसार, जो २०२३ मधे छापून आला, देशात डायबेटिस असलेले साधारण १०.१ कोटी लोक आहेत, म्हणजे घराघरात कोणीतरी साडेसातला फोन करतंय आणि कोणीतरी ११५ लिहितंय असं मला उगाच वाटत राहतं.

मुलाने मधे स्वतःची टेस्ट केली, आजी-आई दोघींना असल्यावर करायलाच हवी होती. एचबीएवनसी ५.९, म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या उंबरठ्यावर. त्याने मला मेसेज केला आणि खाली लिहिलं, आईला सध्या सांगू नका. सांगणं न सांगणं त्याचं, पण मी त्याला एवढंच उत्तर दिलं की आई याबाबतीत तुझ्यापेक्षा अनुभवी आहे.

सध्या डॉक्टरांचं आणि माझं वहीवरून जमत नाहीये. त्यांचं म्हणणं मशीनमधे मेमरी आहे, वही कशाला, उगाच परत तपासणीसारखं होतं. माझं म्हणणं तिसरा रकाना मशीनमधे नाही. काकूंनी आमचं दोघांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं की काही वेगळं झालं तरच लिहीन, रोज नाही. तसं चालू आहे. दिवाळीच्या ऑर्डरी आत्तापासून घ्यायला लागल्यात, त्यामुळे दीडच्या गजराला त्या खरंच उठतात का हे पुढच्या भेटीत बघायचंय.